जिभंची डावी बाजू

बसा पावणं, त्या बाकड्यावर टेका. समोरचा काचंचा दरवाजा तुमी टक लावून बगितला म्हणून लवकर उगडणार न्हाय. रिपोर्ट संध्याकाळी म्हणाल्यात म्हंजे संध्याकाळीच. तवर एक गोष्ट सांगतो. हितंच, माझ्या टपरीम्होरं घडलेली हाय, कुठनं ऐकून आणलेली न्हाय. च्या घ्या आन ऐका.

एक माणूस जीभ भाईर काढून उभा हुता. हितं, जिथं आत्ता ती स्कूटर लावलीया, तिथं एक बुलेट हुती. तिच्या आरशात वाकून, दोन बोटांनी जीभ धरून, हा बाबा आपलं तोंड उजवीकडनं बगत हुता. धा-बारा माणसं ये-जा करत्यात, कुणी हसतंय, कुणी बगून न बगितल्यासारकं करतंय. ह्येला त्येचं काय न्हाय. आंगावर पांढरं धोतर-शर्ट, डोक्याला टोपी, मिशी आशी की दुसरा आरसा लागावा. आन शेजारी बायको, पदर तोंडाला लावून.

"अवं, आत घ्या की जीभ. लोकं बगाय लागल्यात."

"आत घेटल्यावर दिसंल व्हय?"

"सकाळधरनं बगताय. तेवडीच हाय ती."

"वाडलीया. काल हरबऱ्यायेवडी हुती."

तेवड्यात बुलेटवाला आला. चांगला दांडगा गडी. म्हणाला, "ओ मामा, आरसा माझा हाय, पुसून देणार का?" त्या बाबानं, हंबीरराव त्येचं नाव, जीभ आत घेटली, धोतराच्या सोग्यानं आरसा पुसला, आन हितं, तुमी बसलाय त्या बाकड्यावर यून बसला. मी कप म्होरं केला तर त्येनं मान डावीकडं कलती करून च्या घेटला. उजवीकडं लागू द्याचा न्हवता. तवाच मी वळखलं, हा समोरच्या लॅबचा पेशंट.

हंबीरराव मुरगूडकडचा. पण सगळी हयात गेली मार्केट यार्डात, गुळाचा सौदा काढण्यात. तुमी चंदगडचं, तुमच्याकडं काजू आन भात, सौदा बगितला नसंल म्हणून सांगतो. दुकानात गुळाचं रवं, म्हंजे ढेपा, मांडून ठेवल्यालं असत्यात. भोवतीनं व्यापारी. मधी सौदा काढणारा. त्यो रव्याला सुरी लावून टवका काढणार, जिभंवर ठेवणार, आन सांगणार, ह्यो नदीकाठचा, ह्यो खारवट रानातला, ह्येच्यात काकवी नीट आटली न्हाय. मंग त्यो आवाज चढवणार आन भाव बोलला जाणार. म्हंजे बगा, चव बी जिभंची आन आवाज बी जिभंचा. बाकीच्या आंगाला काय कामच न्हाय. त्येची बायको बायडाबाई तर म्हणायची, "ह्यास्नी देवानं जीभ दिली आन तिला धरायला माणूस लावला."

तर त्या जिभंच्या उजव्या अंगाला, पार आत, दाढंच्या शेजारी, त्येला बोटाला काय तरी लागलं. तंबाकू तर सोळाव्या वर्सापास्नं. पलीकडच्या गल्लीतल्या घशाच्या डाक्टरनं बगितलं, तुकडा काढला, आन ह्या लॅबमधी धाडला. डाक्टर म्हणाला, वाईट निघालं तर जिभंची उजवी बाजू काडाय लागंल. बेस्तरवारी सकाळी आपरेशनचं टेबल धरून ठेवलंय. रिपोर्ट आला की सांगतो.

सोमवार हुता त्यो. आन रिपोर्ट सोमवारीच मिळायचा हुता.

दरवाजा उगडला, आतली पोरगी भाईर आली, म्हणाली, "हंबीरराव मामा, मॅडम म्हणत्यात उद्या या."

बायडाबाईनं इचारलं, "का गं? काय सापडलं काय?"

"मला नाही माहीत काकू. उद्या या."

त्या दोगांची तोंडं बगाय नगो. आता तुमीच सांगा, चांगलं असतं तर 'उद्या' कोण म्हणतंय? चांगलं तर लगीच सांगत्यात. हंबीरराव उठला, दोन पावलं गेला आन माघारी आला. मला म्हणाला, "तू आत च्या घेऊन जातूस न्हवं? मॅडमचं तोंड कसं हाय बगून सांग."

मी म्हणालो, "मॅडमचं तोंड दिसत न्हाय. कायम त्या दुर्बिणीत असतंय."

खोटं न्हाय सांगत. त्या लॅबचं थोरलं सर पुण्याला गेलंतं, सोताच्या डोळ्याचं आपरेशन करून घ्याय, एका डोळ्यावर पट्टी. हितं एकट्या अस्मिता मॅडम. हातकणंगल्याच्या. वय काय न्हाय, माझ्या थोरल्या पोरीयेवडी. सर असताना ह्या बगायच्या, मंग सर बगायचं, मंग सही. आता सहीबी ह्यांची. मी सकाळचा च्या ठेवला हुता त्येच्यावर साय धरली हुती. दुपारचा नेला, त्यो शेजारी ठेवला. मॅडमनी मान वर केली न्हाय. पेनाचं टोपण काढायच्या, घालायच्या, काढायच्या, घालायच्या. नुसता टकटक आवाज.

काय बगत हुत्या ते मला मागनं त्यांनीच समजावून सांगितलं, म्हणून सांगतोय. नायतर मला सातवी नापासाला काय कळतंय? तुकडा मेणात घालत्यात, मेणाचा बारीक पापुद्रा काढत्यात, काचंवर चिकटवून रंग देत्यात. गुलाबी आन जांभळा. आता जिभंचं कसं हाय, वर कातडं आन खाली मास. दोन्हीच्या मधी बांध. आपल्या रानाचा आसतोय तसा. वरच्या कातड्यानं बांधाच्या वरच ऱ्हायचं. बांध फोडून खालच्या रानात शिरलं की त्यो कॅन्सर. येवडं सोपं. आन हंबीररावच्या काचंत वरच्या कातड्याची बेटं खालच्या रानात दिसत हुती. एक न्हवं, पाच-सा. बांधाच्या पलीकडं, मासात. भोवतीनं पोलिसावानी बारक्या पेशी गोळा झालेल्या.

बगणारा म्हणंल, झालं की. लिहा आन मोकळं व्हा.

पण मॅडम म्हणत हुत्या, घुसखोर आसा ऱ्हातोय का? नीट कापडं घालून, ओळीनं, कुणाला धक्का न लावता? त्या बेटांतल्या पेशी लई शाण्या हुत्या. जागा चोराची आन वागणं सावाचं. त्यामुळं सही हुईना.

मंगळवारी पुन्ना दोगं बाकड्यावर. हंबीरराव नुसता गालाच्या आतनं जीभ फिरवत हुता. बायडाबाईनं डबा आणला हुता, त्येनं उगडला न्हाय. मी दहा वाजता च्या घेऊन आत गेलो तर टेबलावर एक लाकडाची पेटी. आत काचाच काचा, वह्यांसारक्या उभ्या लावलेल्या. मी म्हणालो, "येवडी माणसं आजारी हायत व्हय मॅडम?"

"हे आजारी नाहीत मामा. ही चांगली पेटी आहे. कॉलेजातली. चांगलं कसं दिसतं ते आधी डोळ्यांत बसावं लागतं, मग वाईट ओळखता येतं."

"मंग बगा की त्येच्यात जीभ."

"तीच बघतेय." काच लावली, डोळा लावला, पुन्ना काढला. "आजाऱ्यांचे तुकडे ढिगानं येतात. ज्याला काही झालं नाही तो कशाला जीभ कापून देईल? म्हणून कॉलेजात ही जीभ खाटकाकडनं आणलेली. बकऱ्याची."

मला हसू आलं, पण मॅडम हसत न्हवत्या म्हणून गिळलं. त्यांनी बकऱ्याच्या जिभंची कड बगितली. सपाट. गुळगुळीत. बेटं न्हायत, काय न्हाय. त्यांनी हंबीररावची काच पुन्ना लावली. बेटं तशीच. त्यांचा हात पेनाकडं गेला. रिपोर्टाचा कागद म्होरं वडला. मी कप ठेवून भाईर आलो, पण दाराच्या काचंतनं बगत उभा ऱ्हायलो, खोटं कशाला सांगू. हंबीररावकडं पाठ केली, म्हंजे त्येला माझं तोंड दिसू नये.

मॅडमनी एक ओळ लिवली. मंग थांबल्या. विचार करताना आपण करतो तसं त्यांची जीभ गालात फिराय लागली, उजव्या गालाला फुगवटा आला. फिरता फिरता थांबली. मॅडम तशाच बसल्या, गाल फुगवून. मंग त्यांनी हातमोजा काढला आन सरळ बोट तोंडात घातलं. उजवीकडं, पार आत. मला वाटलं दाढ दुखतीया. मंग बोट काढलं आन डावीकडं घातलं. पुन्ना उजवीकडं. मंग त्या आशा ताडकन उठल्या की खुर्ची मागं पडली.

दरवाजा ढकलून भाईर आल्या. पायात लॅबच्या निळ्या स्लिपरा, आंगात पांढरा कोट, हातात बॅटरी. रस्त्यानं रिक्षा येतीया का बगितलं बी न्हाय. हंबीररावम्होरं यून उभ्या.

"मामा, जीभ बाहेर काढा."

हंबीररावला सवय झालती. टोपी सावरली, जीभ काढली, उजवी बाजू दावली.

"ती नाही. डावी."

"डावीकडं काय न्हाय झालं मॅडम."

"दाखवा की."

त्यांनी खिशातनं कापडाची पट्टी काढली, जीभ चिमटीत धरली, वडली, बॅटरी मारली. गर्दी झाली. बुलेटवाला बी आला. मॅडम पार वाकून आत बगत म्हणाल्या, "आहे. इथंबी आहे!"

आता ह्या मॅडमना काचंशी बोलायची सवय, माणसाशी न्हाय. त्यांच्या मनात काय चाललंय ते त्यांनाच ठावं. बायडाबाईनं काय ऐकलं? 'हितंबी हाय.' ती मटकन खालीच बसली, रस्त्यावर, डब्यासकट.

"आगं आई गं! दोन्हीकडं गेलं गं! आता सगळीच काडत्यात की गं जीभ!"

हंबीररावची जीभ मॅडमच्या हातात. त्येला बोलता येईना. नुसतं "आँ? आँ?" आन डोळं भाईर यायचं राहिल्यालं. मॅडमना कळलं आपण काय बोलून बसलो. जीभ सोडली, बायडाबाईच्या शेजारी उकिडव्या बसल्या, रस्त्यावरच.

"काकू, रडू नका. तसं नाही. तुमची जीभ बघू."

"माजी कशाला? मला काय झालंय?"

"काही झालं नाही म्हणूनच पाहिजे."

"ह्यांच्याम्होरं जीभ काढू?"

हंबीररावला जीभ परत मिळाली हुती, त्येनं लगीच चालवली. "एरवी तर आत नसतीया कवा. काढ की."

बायडाबाईनं डोळं मिटून जीभ काढली. मॅडमनी उजवीकडं बॅटरी मारली, डावीकडं मारली. मंग बुलेटवाल्याला म्हणाल्या, "दादा, तुम्ही." त्यो येवडा दांडगा गडी, पण आसा लाजला, जणू काय शाळेत. त्येनंबी काढली. आन मंग मॅडम आमच्या बाकड्यावर बसल्या. ज्या जागी तुमी बसलाय. आन त्यांनी पयल्यांदा मला म्हटलं, "आकाराम मामा, गरम च्या द्या."

मला वाटलं झालं, सुटलं. मी आलं टाकून च्या केला. हंबीरराव म्हणाला, "मंग कॅन्सर न्हाय न्हवं?"

मॅडमनी कपाला फुंकर मारली. 

"मामा, तिथं सगळ्यांना घड्या असतात. जिभेच्या कडेला, आत. उजवीकडं, डावीकडं. तुमची उजवी मोठी झालीय. आजार एका बाजूला येतो, जोडीनं फारसा येत नाही. म्हणून वाटतंय. पण वाटण्यावर मी सही करू शकत नाही. तुकडा मेणात तिरका बसला असावा. तो वितळवून, सरळ उभा करून, परत कापते. उद्या दुपारपर्यंत लागेल."

"आन बेस्तरवारी टेबल हाय की."

"माहीत आहे."

तेवड्यात त्यांचा फोन वाजला. घशाचं डाक्टर. पलीकडचा आवाज माझ्या बंबापतूर येत हुता. भूल देणारा सांगून ठेवलाय, पेशंटला उपाशी ठेवायचंय, एका बारक्या तुकड्याला किती दिवस लावणार, जमत नसंल तर दुसरीकडं पाठवतो. मॅडमनी फोन कानापास्नं लांब धरला.  पण म्हणाल्या, "उद्याशिवाय सही होणार नाही सर." आन फोन ठेवला.

मंग माझ्याकडं बगून, पण मला न्हवं, आशा म्हणाल्या, "चुकून आहे म्हटलं तर जीभ जाते. चुकून नाही म्हटलं तर माणूस जातो." कप तिथंच ठेवला. जाताना थांबल्या, जरा कसनुसं हसल्या. "दोन दिवस मी माणसाची जीभ बकऱ्याला विचारत बसले मामा. त्याला कडेला घड्याच नसतात."

बुधवारी सकाळी हंबीरराव आला ते सरळ सौद्यावरनं. सौदा काढला न्हवता त्येनं. नुसता जाऊन उभा ऱ्हायला हुता म्हणं, दुकानाच्या दाराला, आतनं दुसऱ्याचा आवाज ऐकत. बायडाबाई सांगत हुती, "ह्यांच्या जागी राजवीर हुता, पुतण्या आमचा. हे भाईर हुबं ऱ्हाऊन ऐकत हुते. एकदाबी चूक काढली न्हाय. मला तवाच भ्याव वाटलं."

बाकड्यावर बसून हंबीररावनं खिशातनं रुमाल काढला. रुमालात गुळाचा खडा. त्येनं त्यो डाव्या दाढंखाली न्हाय धरला. उजवीकडं, जिथं दोन महिनं च्याचा घोट लागू दिला न्हवता, तिथं सारला. डोळं मिटलं.

बायडाबाई त्येच्या तोंडाकडं बगत हुती. तिनं इचारलं, "कळतंय का?"

"कळतंय."

"कसा हाय?"

"कणीदार हाय. पण पाणी बोरचं हाय." आन डोळं न उगडताच म्हणाला, "बायडा, उद्या जीभ न्हाय ऱ्हायली तर तूच चाकून सांगत जा मला. गोड हाय म्हणू नगो नुसतं. नीट सांग."

बायडाबाईनं त्येचा रुमाल घेटला, घडी घातली, उलगडली, पुन्ना घडी घातली. पावणं, मी त्या दिवशी दोन पातेली दूध उतू घालवलं.

दुपारी दरवाजा उगडला. आतली पोरगी न्हवती. मॅडम सोता. तोंडावर काय दिसंना. कोटाला मेणाचं डाग. "मामा, काकू, आत या." मलाबी म्हणाल्या, "तुम्ही पण या, च्या राहू दे."

त्यांनी हंबीररावला त्या दुर्बिणीम्होरं बसवलं. त्येनं टोपी काढली, नको त्यो डोळा मिटला, म्हणाला, "काळं दिसतंय." मॅडमनी त्येची मान धरून नीट लावली.

"आता?"

"आता गुलाबी हाय. सऱ्या दिसत्यात."

"सऱ्याच आहेत. उसाच्या रानासारख्या. सरी, वरंबा, सरी, वरंबा. पहिल्यांदा आम्ही हे रान तिरकं कापलं होतं. तिरकं कापल्यावर काय दिसणार? सरीचा नुसता तळ. सुटा सुटा. मला वाटलं कातडं बांध फोडून खाली शिरलंय. ते शिरलेलं नव्हतंच. ते आपल्या सरीत होतं." त्यांनी काच जराशी सरकवली. "आता सरीच्या भिंतीला बघा. फिकट, कांद्यासारखं काही दिसतंय?"

"दिसतंय. बारकं बारकं. लई हायत."

"चव तिथनं कळते."

हंबीररावनं डोळा काढला न्हाय. आमी तिघं उभं.  त्येचा हात टेबलावर हुता, त्यो मुठीत मिटला.

"ह्येच काडणार हुते?"

मॅडम म्हणाल्या, "व्हय."

येवडंच. हातकणंगल्याचं 'व्हय'. माफ करा न्हाय, सर पुण्याला हायत न्हाय, घशाच्या डाक्टरानं घाई केली न्हाय. आन मंग नळावर गेल्या आन हात धुवाय लागल्या. हात स्वच्छच हुते.

बायडाबाईला मातुर पटंना. "आवो पण बोटाला लागतंय की गाठ! तुमी काय न्हाय म्हणताय, मंग लागतंय ते काय?"

"काकू, त्या बाजूची दाढ तुटलीय. कडा धारदार आहे. रोज घासून घड्या सुजल्या. त्यात मामा दिवसातनं शंभर वेळा बोट घालून बघतात. दाढ काढून घ्या, बोट घालणं बंद करा, महिन्यानं मला दाखवा. आणि तंबाखू." मॅडम वळल्या, हात पुसत हंबीररावकडं बगितलं. "आज कॅन्सर नाही मामा. आज. पुढच्या वेळचं मी सांगू शकत नाही."

"लिवून दे," बायडाबाई म्हणाली. पोरीला म्हणावं तसं, आरंतुरं. "काय न्हाय म्हणून कागदावर लिवून दे. सही कर."

मॅडमनी लिवलं. सही केली. त्याच दिवशी काचा गाडीनं पुण्याला गेल्या. थोरल्या सरांनी बऱ्या डोळ्यानं बगितल्या आन त्यांचंबी तेच मत आलं. पण सही आधी झालती, ह्ये ध्यानात घ्या.

बायडाबाईनं कागद उलटासुलटा करून बगितला. "येवडंच? तीन दिस घास गिळला न्हाय मी, आन दोनच ओळी?"

भाईर आल्यावर हंबीररावनं कमरंची तंबाकूची चंची काढली आन माझ्या खरकट्याच्या बादलीत टाकली. बायडाबाईनं रस्त्यातच हात जोडलं, मॅडमला न्हवं, बादलीला. दाढ काढली त्येनं. सौद्यावर हाय अजून. दिवाळीच्या मुहूर्ताला त्येचा आवाज भाईर रस्त्यापतूर येत हुता म्हणं. चंचीचं खरं-खोटं बायडाबाईला ठावं.

आन मॅडमचं सांगायचं तर त्यांनी एक पेटी सुरू केलीया. काय तरी आपरेशनात काढून आणल्यालं असतंय, त्येच्या कडंला चांगला भाग ऱ्हातोय बगा. त्येची एक काच जादा करून ठेवत्यात. बकऱ्याची पेटीबी हाय, पण ती कपाटावर गेली. मी च्या घेऊन जातो तवा कवा कवा म्हणत्यात, "मामा, आज एक सुंदर चांगलं आलंय, बघताय?" मी बगतो. मला सगळं गुलाबीच दिसतंय. पण त्यांच्या तोंडावर आसं हासू असतंय की मी म्हणतो, व्हय, लई चांगलं हाय.

दरवाजा उगडला वाटतं. न्हाय, झाडणारी बाई हाय. बसा, अजून येळ हाय तुमच्या रिपोर्टाला.

पावणं, एक काम सांगू का? न्हाय म्हणू नगा. तुमची नजर चांगली दिसतीया, मगाधरनं त्या पाटीवरचं बारीक अक्षर वाचताय. त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांच्या जिभा बगितल्या, तवा मी बंबापाशी हुतो. माजी ऱ्हायली. तवा मला कायबी न्हवतं. ह्ये बोटाला लागतंय ते आत्ता, दसऱ्यापास्नं. मॅडमना दाव म्हणशीला. रोज तीनदा आत जातो, च्या ठेवतो, आन तोंड न उगडता भाईर येतो. घरात तर इषयच न्हाय. आरशात बगितलं, पण पार आत उजेड पोचत न्हाय, नीट दिसत न्हाय.

हितं या, टपरीच्या आडोशाला. ही मोबाईलची बॅटरी धरा. उजवीकडं काय हाय ते मला ठावं हाय, ते नगा बगू.

डावीकडंबी हाय का, तेवडं बगून सांगा.